दोर आणि तागडी

तागडी साळबारीच्या शिवारात सहाव्या वसाहतीसाठी आली, तेव्हा गावातली कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. पहिल्या खेपेला अख्खा गाव रस्त्यावर उभा होता. रबरी चाकांची ती पांढरी गाडी, तिच्या पोटात उभा ठेवलेला काचेचा नळा, आणि गाडीपुढे टोपी घालून चालणारी आपल्याच गावची वैजयंता अहिरे. "लांब उभे राहा," ती लोकांना सांगत होती, "तुमचं वजन येतं यंत्रात." लोक हसत हसत मागे सरले होते. त्या दिवशी ठकूबाईने लेकीवरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या होत्या. आता ती दारात तांदूळ निवडत बसली होती आणि गाडी समोरून गेली तरी तिने मान वर केली नाही.

"आई, दुपारी जेवायला येते गं," वैजूने हाक मारली.

"ये. येताना पाणी घेऊन ये."

ही थट्टा नव्हती. फाल्गुन अजून सरला नव्हता आणि साळबारीच्या विहिरीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या.

ही तागडी आली कुठून, ते आधी सांगायला हवं. शहर वाढत होतं. काही वर्षांपूर्वी त्याच्या पश्चिमेला बावीस-बावीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले. नळ होते, शॉवर होते, गच्चीवर पोहायचा तलाव होता. पाणी तेवढं नव्हतं. काही उन्हाळे टँकरवर निघाले. मग एका उन्हाळ्यात टँकर भरायच्या विहिरीच आटल्या आणि लोक गाद्या डोक्यावर घेऊन अंधाऱ्या जिन्यांवरून खाली उतरले. टॉवर बांधणारे तोवर दुसऱ्या दिशेला जमिनी बघत होते. ओरडा इतका झाला की सरकारला कायदा करावा लागला. जिथे नवी वसाहत व्हायची तिथे जमिनीखाली पुरेसं पाणी असल्याचा दाखला आधी, पायाचा खड्डा नंतर. कायदा चांगला होता. वाईट कायद्याशी माणूस भांडतो तरी. चांगल्या कायद्यापुढे टोपी काढून उभा राहतो आणि तिथेच नागवला जातो.

जमिनीखालचं पाणी मोजायचं कसं? पूर्वी पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शिवार पालथं घालायचा, नंतर बोअर मारून बघायचे. दोन्हीत अंदाजच जास्त. मग हे यंत्र निघालं. पृथ्वी प्रत्येक वस्तूला खाली ओढते, पण सगळीकडे सारखी ओढत नाही. पायाखाली भरीव खडक असेल तर ओढ किंचित जास्त, खडकात कोरड्या भेगा असतील तर किंचित कमी, आणि त्याच भेगा पाण्याने भरल्या की पुन्हा जराशी जास्त. फरक इतका बारीक, की हत्तीच्या पाठीवर मुंगी बसली की नाही ते हत्तीच्या वजनावरून सांगावं. तागडी ते सांगायची. तिच्या नळ्यातली हवा पार उपसून काढलेली असे. आत धातूच्या वाफेचे चिमूटभर अणू लेसरच्या उजेडाने इतके गार करायचे की ते जवळजवळ जागीच थबकतात. मग त्यांना सोडायचं. ते पडतात, आणि किती झपाट्याने पडले ते तोच उजेड वाचतो. पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा असं तेच शिवार दोनदा फिरलं, की खडक तोच राहतो, बदलतं ते पाणी. त्यातून इमारतींची ओढ वजा करायची, आकाशातल्या चंद्राची वजा करायची, जवळ उभ्या माणसांची वजा करायची. उरतं ते निव्वळ पाण्याचं वजन. यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. लोकांनी तिला तागडी म्हटलं आणि तेच चिकटलं.

दुपारी वैजू जेवायला आली, तेव्हा गाडीतल्या दोन बाटल्या घेऊनच आली. भाकरी मोडता मोडता तिने बातमी सांगितली. सहावी वसाहत, 'अमृतधारा नगरी', पास झाली की कर्मचाऱ्यांच्या कोट्यातून तिला तिथे घर मिळणार होतं. तळमजल्याचं तिने मुद्दाम मागितलं होतं, आईला जिना नको म्हणून. मागे तुळशीपुरती मोकळी जागा होती. ठकूबाई सगळं ऐकत होती. लेकीने आपल्या गुडघ्यांचा विचार केला, याने तिला बरंही वाटलं. पण तिचं लक्ष लेकीच्या मांडीवरच्या पडद्याकडे होतं. त्यावर साळबारीचं शिवार होतं आणि त्याच्यावर सहा गोल काढलेले होते, एकावर एक सरकलेले, वाकळीच्या ठिगळांसारखे. सहाही गोल मधोमध एका गडद निळ्या पट्ट्यावर येत होते.

"हे मधलं निळं कोणाचं गं?" ठकूबाईने विचारलं.

"तिथे पाझर तलावाचं पाणी मुरतं. सगळ्यात जाड थर तोच."

"कोणाचं, ते विचारलं मी."

वैजूने घास तसाच हातात धरला. "यंत्राला ते कळत नाही, आई."

"यंत्राला नाही विचारलं."

मग वैजूने जे सांगितलं, ते ती आधीच्या पाच खेपांना सांगू शकली असती. पण कोणी विचारलं नव्हतं आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. कायदा एकच प्रश्न विचारत होता: वसाहतीभोवती एक किलोमीटरच्या गोलात या घरांना पुरेल इतकं पाणी जमिनीखाली आहे का? ते पाणी आणखी कोण पितं, हा प्रश्न दुसऱ्या खात्याचा होता, आणि ते खातं पहिल्या खात्याच्या प्रश्नाची वाट बघत होतं. प्रत्येक वसाहतीचा गोल वेगळा, अर्ज वेगळा, दाखला वेगळा. पाणी तेवढं एकच. पाच वेळा ते पाच जणांच्या नावावर चढलं होतं आणि आता सहाव्याच्या चढणार होतं. साळबारीने कधी अर्जच केला नव्हता. विहीर आजोबा-पणजोबांपासून होती, तिच्यासाठी अर्ज करायचा असतो हे गावाला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून साळबारी कोणत्याच गोलात नव्हती. तिथली दीडशे घरं पाणी पीतच नाहीत, असं सरकारी हिशेबाने धरलेलं होतं.

"माझा आकडा खोटा नाही," वैजू म्हणाली.

"खरा आहे गं बाई. म्हणून तर त्याच्याशी भांडता येत नाही."

त्या पाझर तलावाची भिंत साळबारीने स्वतः घातली होती. मागच्या मोठ्या दुष्काळात गुरं छावणीला लावून गावाने घरटी एक माणूस भिंतीवर पाठवला होता, तीन उन्हाळे. वैजूचा बाप त्याच भिंतीवर ऊन लागून पडला तो उठला नाही. वैजू तेव्हा चौथीत होती. ठकूबाईने ती गोष्ट जेवताना काढली नाही. तिने फक्त लेकीचं ताट उचललं आणि त्यातलं उरलेलं पाणी तुळशीत ओतलं.

त्या वर्षी गावाचा दोर ठकूबाईच्या घरी होता. साळबारीचा दोर केकताडाच्या वाखाचा, हातभर अंतरावर गाठ आणि टोकाला दगड. दरवर्षी तो एका घरातून दुसऱ्या घरी जायचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या संध्याकाळपासून विहिरीत कोणी पोहरा टाकायचा नाही, मोटर लावायची नाही. याला गावात विहीर निजवणं म्हणत. सकाळी विहीर आपल्या पाण्यावर आली, की सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोर सोडायचा. जितक्या गाठी ओल्या, त्यावरून दर घराचे हंडे ठरायचे, पाऊस पडेपर्यंत. पाटलाला जितके, तितकेच कडेच्या खोपटाला. दोर पडताना जो हजर, तो वाटेकरी. हा दोर पिढ्यान्‌पिढ्या खोटा ठरला नव्हता. पण अलीकडे तो रुसल्यासारखा झाला होता. आखाजीला गाठी ओल्या निघायच्या, आणि ज्येष्ठ अर्धा होण्याआधीच विहीर कोरडी. मग गाव एकमेकांच्या हंड्यांकडे बघू लागलं. विहिरीवर पहारा बसला. दोन सख्ख्या भावांनी एकमेकांवर चोरीचा आळ घेऊन बोलणं टाकलं.

चैत्रात सहाव्या वसाहतीची सुनावणी लागली. जागा होती हमरस्त्यावरचं एक मंगल कार्यालय. दारात 'अमृतधारा नगरी'ची छोटी प्रतिकृती मांडली होती. हातभर इमारती, कापसाची झाडं, मधोमध निळ्या काचेचा तलाव. प्रत्येक खुर्चीवर गार पाण्याची बाटली ठेवलेली. पाण्याची सुनावणी, आणि पाणी बाटलीत! साळबारीच्या बायकांनी बाटल्या उघडल्या नाहीत, पण कोणी परतही दिल्या नाहीत. पदराखाली घालून घरी न्यायच्या होत्या. तहान लपवून मान राखायची पाळी त्यांच्यावर आणली होती.

कंपनीच्या वतीने रणदिवे नावाचे गृहस्थ बोलले. बोलणं लोण्यासारखं. शहरात रोज माणसं येताहेत, त्यांनी राहायचं कुठे, पाण्याचं निमित्त करून गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर कोण अडवतंय, असं त्यांनी कळवळून विचारलं. ज्या घरांबद्दल ते बोलत होते त्यांत गरीब माणूस फक्त भांडी घासायला शिरणार होता, पण ते त्यांनी सांगितलं नाही. मग पहिल्या वसाहतीचे अध्यक्ष सय्यद सर उठले, निवृत्त शाळामास्तर. त्यांची तक्रार वेगळीच होती. त्यांच्याकडे दाखला असूनही बोअर दोनशे फुटांवरून सहाशेवर गेला होता, कारण शेजारच्या वसाहतीने आधी खोल मारला. आणि शेजारचे म्हणत होते की आधी सय्यद सरांनी मारला. दोघांचंही खरं होतं. दाखल्यात लिहिलेलं पाणी आपलं आहे असं प्रत्येकाला वाटायचं, म्हणून दुसऱ्याने ओढायच्या आत प्रत्येक जण ओढत होता. पाणी जोखता येत नव्हतं तोवर ते कोणाच्या मालकीचं नव्हतं. जोखता आलं आणि त्याला पाच मालक फुटले.

ठकूबाई उठली. तिच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. सुनावणीचे अधिकारी पाटणकर, घाईत असलेला पण मनाने वाईट नसलेला माणूस. त्यांनी विचारलं, "आजी, दाखला आहे का तुमच्याकडे? आक्षेप दाखलेधारकालाच घेता येतो."

"दाखला नाही, साहेब. विहीर आहे."

मागे हसू फुटलं. पाटणकरही हसले आणि म्हणाले, बरं, थोडक्यात बोला.

"माझा आक्षेप आकड्यावर नाही," ठकूबाई म्हणाली. "आकडा माझ्या लेकीने काढलाय, तो खराच असणार. पण ते पाणी तिथे आपसूक आलेलं नाही. आमची माणसं उन्हात राबली म्हणून ते खडकात उतरलं. तुम्ही त्याचं वजन केलं, चांगलं केलं. पण बाजारात दुसऱ्याची जोंधळ्याची पाटी तागडीवर घातली, म्हणून ती घालणाऱ्याची होते का? आणि तीच पाटी सहा जणांनी सहा वेळा जोखली, म्हणून सहा पाट्या होतात का?"

या वेळी कोणी हसलं नाही. रणदिव्यांनी मात्र हळूच पाटणकरांना आठवण करून दिली की नियमाप्रमाणे आता मोजणी करणाऱ्याची साक्ष व्हायची आहे. साक्ष म्हणजे एक ठरलेलं वाक्य. 'सदर पाणी मोजलेले असून नियोजित वसाहतीसाठी उपलब्ध आहे.' वैजूने ते पाच वेळा म्हटलेलं होतं. झोपेतही म्हटलं असतं.

ती समोर आली. तिने आईकडे पाहिलं नाही. तिची नजर प्रतिकृतीतल्या निळ्या काचेवर होती. साळबारीची विहीर असायला हवी तिथे त्या प्रतिकृतीत गाड्या लावायची जागा होती.

"पाणी मोजलेलं आहे," ती म्हणाली आणि थांबली.

"पुढे बोला," पाटणकर म्हणाले.

"पाणी आहे, साहेब. शिल्लक नाही."

पाटणकरांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमची मोजणी चुकली?"

"मोजणी बरोबर आहे. सहाही मोजण्या बरोबर आहेत. म्हणूनच ते ठरलेलं वाक्य मला म्हणता येणार नाही."

रणदिवे तिच्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटले. तिने मान हलवली. ती 'नाही'ची होती, एवढं मागच्या रांगेतल्या बायकांनाही कळलं.

अशा वेळी गोष्टीत वसाहत रद्द होते आणि गाव गुलाल उधळतं. इथे तसं काही झालं नाही. साक्ष अपुरी राहिली म्हणून सुनावणी आखाजीनंतरची लागली. वैजूला तागडीवरून काढून घरी बसवलं, कोट्यातलं घर गेलं, आणि कंपनीने कळवलं की फेरमोजणी होईल. यंत्र तेच, माणूस दुसरा. इतकं सोपं होतं ते. कायद्याला पाण्याची साक्ष हवी होती; ती कोणाच्या तोंडून निघते याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

वैजू सामान घेऊन साळबारीला आली. ठकूबाईने तिला समजावलं नाही. चुलीपुढे बसवून भाकऱ्या थापायला लावल्या. तिसऱ्या दिवशी दोराला नव्या गाठी मारताना वैजूनेच विचारलं, "आई, विहीर निजवता तेव्हा नेमकं काय बंद करता?"

"सगळं. गावात एक पोहरा पडत नाही."

"गावात नाही पडत. पण त्यांचे बोअर जागेच असतात ना."

ठकूबाईचा हात थांबला. खालचं पाणी एकच आहे, हे तिने भर सुनावणीत सांगितलं होतं, आणि तरी हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळं गाव म्हणजे साळबारी, असंच धरून ते सगळे चालले होते. विहीर निजवली जात होती आणि तिच्या उशाशी पाच तोंडं रात्रभर तिला पीत होती. वर गावाने आपलीच माणसं चोर ठरवली. दोन भाऊ एका बांधावर राहून अनोळखी झाले. ठकूबाईला राग आला तो इतका, की तिने दोर बाजूला ठेवला आणि उठून परातीत तांदूळ घेतले, त्यांना हळद-कुंकू लावलं.

लग्नाच्या अक्षता द्याव्यात तशा तिने पाचही वसाहतींना आखाजीच्या अक्षता दिल्या. आदल्या संध्याकाळी बोअर बंद करा, सकाळी विहिरीवर या, जो हजर तो वाटेकरी. एका फाटकावर तिचा फोटो काढून घेतला. दुसऱ्या फाटकावर सांगितलं, विक्रेत्यांना बंदी आहे. "मी विकायला नाही आले, वाटायला आलेय," ती म्हणाली, पण पहारेकऱ्याच्या पडद्यावर वाटायला येणाऱ्यांसाठी बटणच नव्हतं. सय्यद सरांनी मात्र तिला घरात बसवलं, चहा दिला, अक्षता कपाळाला लावून खिशात ठेवल्या.

गावातही कुरकुर झाली. त्यांना वाटा द्यायचा म्हणजे आपले हंडे कमी होणार. दामू तात्या, गावातला सगळ्यात जुना माणूस, तो तर म्हणाला की ठकू लेकीच्या नोकरीपायी गावाचं पाणी दान करायला निघाली. ठकूबाईने त्याला एवढंच विचारलं, "ते पीतच आहेत, तात्या. आपल्यासमोर मोजून प्यायला लावू, की आपल्यामागे न मोजता पिऊ देऊ?" तात्या उठून गेला. पण आखाजीच्या सकाळी सगळ्यांच्या आधी तोच विहिरीवर येऊन बसला होता.

आणि तोच पहिल्यांदा ओरडला. रात्रीतून पाणी वर आलं होतं. काल संध्याकाळी उघडी असलेली एक पायरी बुडाली होती. पोहरा दरवर्षीच थांबायचा, पण पायरी कधी बुडाली नव्हती. लोक वाकून वाकून बघत होते. ज्या दोन भावांचं बोलणं बंद होतं ते समोरासमोरच्या काठांवर उभे राहून त्याच एका पायरीकडे बघत होते.

सय्यद सर आले, त्यांच्यामागे त्यांच्या वसाहतीतली बरीच माणसं. काही बायका मॉर्निंग वॉकच्या बुटांतच आल्या होत्या. सरांनी खिशातून बोअरच्या पेटीची किल्ली काढली आणि विहिरीच्या कठड्यावर ठेवली. थोड्या वेळाने तिसऱ्या वसाहतीची एक बाई आली आणि तिने दुसरी किल्ली ठेवली. बाकीच्या तीन आल्याच नाहीत. त्यांच्याकडे दाखला होता.

ठकूबाईने दोर उचलला. तेवढ्यात रस्त्यावरून तागडी आली. गाडीपुढे एक तरुण गृहस्थ, टोपी तीच. फेरमोजणी आजच करायची होती, आणि जाड निळा थर नेमका इथेच. त्याने यंत्र सुरू केलं, पडदा बघितला, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा बघितला. मग तो गर्दीपाशी आला. बोलायला चांगला होता बिचारा. हात जोडून म्हणाला, "मावशी, जरा सगळ्यांना लांब व्हायला सांगता का? रीडिंग बिघडतंय. माणसांचं वजन येतंय यंत्रात."

वैजूने आईकडे पाहिलं. ठकूबाई त्या मुलाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता. तो फक्त जागेवर येऊन बसला होता.

"येऊ दे," ती म्हणाली. "आजवर वजाच करत आलात."

कोणी हललं नाही. गाव हललं नाही, सय्यद सरांची माणसं हलली नाहीत, बुटांतल्या बायका हलल्या नाहीत. दामू तात्या तर मुद्दाम दोन पावलं गाडीच्या जवळ सरकून उभा राहिला. ठकूबाईने दोराचा दगड कठड्यावरून खाली सोडला, आणि एकेक गाठ तिच्या मुठीतून सरकू लागली.